दिवसा हळू बोलणारं घर

माझे पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर आहेत. रात्रपाळी करून ते सकाळी घरी येतात आणि झोपतात. घर एकाच खोलीचं, त्यामुळं दिवसा आम्ही कुजबुजतच बोलायचो. भाजीवालासुद्धा आमच्या दारापाशी आला की आवाज खाली करायचा.

लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद झाला. पप्पा दिवसभर जागे राहू लागले, तरी आईची आणि माझी कुजबुज सुटली नाही. सवयच ती. पप्पांना मात्र मशीनच्या खडखडाटात ओरडायची सवय; त्यांनी पाणी मागितलं तरी गल्लीला कळायचं.

त्यातच माझी तोंडी परीक्षा मोबाइलवर आली. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि काकांनी तर आधीच माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली होती.

सरांनी विचारलं, "लॉकडाऊनचे बरेवाईट परिणाम सांगा."

मी पाठ केलेलं सुरू केलं.

"आवाज येत नाहीये."

आईनं मला खिडकीत नेलं, मग जिन्यात, शेवटी गच्चीवर. मागोमाग पप्पा.

"अजूनही नाही. आता पुढच्या विद्यार्थ्याला घेतो," सर म्हणाले.

आई कानाशी म्हणाली, "रेंजच नाय गं."

"रेंज हाय की! सरांचं समदं ऐकू येतंय," पप्पा गरजले. "पोरी, मोठ्यानं बोल ना! कोण झोपलंय हितं?"

"हां, आता आला आवाज," सर म्हणाले. "पण हा कुणाचा?"

मला हसू फुटलं आणि मी पाठांतर पार विसरले. मग जे होतं तेच सांगितलं, ओरडूनच. पप्पांना काम नाही. रात्री झोप येत नाही म्हणून ते अंधारात बसून राहतात. समोरच्या काकूंना त्यांच्या आईच्या मयतीला जाता आलं नाही. "आणि चांगलं म्हणजे, सर... पप्पा दिवसा कसे असतात ते मला पहिल्यांदा कळलं. लई हसवतात ते."

"मग कुठलं पारडं जड?"

"पप्पांना कामावर जायचंय, सर. त्यांनी जावं असं मलाही वाटतं. पण..."

सर म्हणाले, "पुरे. कळलं."

मी पास झाले. कारखाना सुरू झाला, रात्रपाळीही. पुढच्या परीक्षेची उजळणी मी भर दुपारी पुन्हा कुजबुजत करत होते, तर चादरीखालून आवाज आला, "ऐकू येईना!"