ओव्हनवरचं फडकं

डिसेंबर, म्हणजे इथला ऐन उन्हाळा, लागला तसा नोलीनने सगळ्यात आधी डिशवॉशर उघडला. तळाची जाळी काढली, तिच्यात अडकलेल्या लिंबाच्या बिया आणि बरणीवरच्या लेबलाचा लगदा उपसला, आणि जुन्या टूथब्रशने जाळी घासता घासता तिच्या मनात आलं, रॉझच्या डिशवॉशरमधून असलं काही निघत नसणार.

रॉझ म्हणजे तिची थोरली जाऊ, व्हर्नची बायको. समुद्रकाठी टेकडीवर घर, स्वयंपाकघरात एकावर एक दोन ओव्हन, आणि फ्रीज असा की दार न उघडताच थंड पाणी देतो. नोलीनचं लग्न झालं तेव्हापासून नाताळ रॉझकडेच. दरवर्षी जेवणानंतर पुडिंग वाटून झालं की सासूबाई, थेल्मा, चमचा वाटीवर वाजवून पुढचा नाताळ कुणाकडे ते जाहीर करायच्या. उत्तर सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी त्या "रॉझकडे" म्हणायच्या, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि नोलीनही वाजवायची. तळहात दुखेपर्यंत वाजवायची, कुणाला काही कळू नये म्हणून.

यंदा मात्र रॉझच्या स्वयंपाकघराची फरशी उखडलेली होती. नवं काही बसवायचं होतं म्हणे, म्हणजे अजून नवं. थेल्मांनी फोन करून सांगितलं, या वर्षी लेसकडे, समुद्रापासून लांब, कोरड्या मिल्ड्युराला. लेस म्हणजे नोलीनचा नवरा. त्याने फोन ठेवून "बरं झालं, एवढी लांब गाडी चालवायला नको" म्हटलं आणि तो वर्तमानपत्राकडे वळला. नोलीनला मात्र या वेळी चमचा वाजेल तेव्हा आपलं नाव ऐकायचं होतं. एकदाच.

डिशवॉशर झाला, मग वॉशिंग मशीन. व्हिनेगर घालून रिकामंच फिरवलं, दाराच्या रबराची घडी बोटाने पुसून काढली. गॅरेजमधला जुना फ्रीज बऱ्याच दिवसांनी आवरला आणि हॅमला जागा करायची म्हणून लेसच्या बिअरच्या बाटल्या बाहेर काढल्या, तेव्हा लेस दारात टोपी काढून उभा राहिला, कुणाच्या अंत्ययात्रेला आल्यासारखा. छतावरच्या कूलरच्या पाणी धरणाऱ्या पट्ट्या बदलायला त्याला शिडीवर चढवलं. तिथून तो ओरडून म्हणाला, "अगं, ती माणसं जेवायला येतायत, तपासणीला नाही."

"तुला काय कळतंय," नोलीन खालून म्हणाली.

शेवटी ओव्हन. जाळ्या आंघोळीच्या टबात भिजत पडल्या, घरातल्यांच्या आंघोळी बागेतल्या नळावर झाल्या. दाराची काच सोडवून आतला वर्षानुवर्षांचा तपकिरी डाग तिने खरवडला. सगळं परत बसवल्यावर काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. रॉझपेक्षा ती लहान होती, पण काचेत तसं दिसेना.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी पाहुणे आले. व्हर्नने थेल्मांना हात धरून उतरवलं. रॉझ पांढऱ्या सुती पोशाखात उतरली, एवढ्या प्रवासानंतरही एक सुरकुती नाही. मागच्या सीटवरून तिने बर्फाची पेटी काढली, तीत अंडी आणि मलई, आणि पाठोपाठ स्वतःचा मिक्सर.

"तुझ्याकडे असेल म्हणा," रॉझ म्हणाली, "पण मला याचीच सवय आहे."

पॅव्हलोवा रॉझच करणार, हे घराण्यात ठरलेलंच होतं. अंड्याच्या पांढऱ्याचा आणि साखरेचा तो भाजलेला डोंगर, वर मलई, वर स्ट्रॉबेऱ्या. त्याशिवाय या देशात नाताळ झाला असं कुणी मानत नाही. नोलीनचा पॅव्ह दरवेळी मधोमध खचायचा, रॉझचा कधीच नाही. रॉझ आली, तिने हात धुतले, ओव्हन उघडला आणि म्हणाली, "काय लख्ख ठेवलायस गं." नोलीनला त्यात ऐकू आलं ते असं, की बाकीचं घर तितकंसं नाही.

त्यात रॉझने पाहुण्यांच्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या, समुद्रकाठच्या एसीच्या सवयीने. कूलर चालू असताना खिडकी फटीएवढी उघडी ठेवली नाही तर घराची न्हाणी होते, हे मिल्ड्युरात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. नोलीनने गुपचूप जाऊन खिडक्या उघडल्या. रॉझने सौम्यपणे विचारलं, "अय्या, तुमच्याकडे असं असतं का?" तुमच्याकडे, म्हणजे जणू कुठे दुसऱ्या खंडात.

संध्याकाळच्या जेवणाआधी पॅव्ह भाजून झाला. तो लगेच बाहेर काढला तर तडकतो, म्हणून ओव्हन बंद करून दार मिटून सकाळपर्यंत आतच निवू द्यायचा असतो. रॉझने दाराच्या दांड्यावर आपल्या घरून आणलेलं भांडी पुसायचं फडकं पसरून टाकलं, निळं, त्यावर त्यांच्या गावच्या दीपस्तंभाचं चित्र, आणि ती सासूबाईंचे पाय चोळून द्यायला गेली.

नोलीन स्वयंपाकघरात एकटी उभी राहिली. दोन आठवडे घासलेल्या काचेवर दुसऱ्याच्या गावचा दीपस्तंभ. आपल्या घराच्या छाताडावर कुणीतरी झेंडा रोवावा तसं तिला वाटलं. तिने फडकं ओढून काढलं आणि चादरींबरोबर मशीनमध्ये टाकून दिलं. आत पॅव्ह आहे, हे तिला ठाऊक होतं. सकाळी आपणच आधी उठतो, लेसला सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. मग कामाच्या गडबडीत फडक्याचा विषय मनातून गेला.

पण सकाळी लेस आधी उठला. डुकराच्या मांसावरची कातडी कुरकुरीत फुलवणं हे वर्षातलं त्याचं एकमेव शिजवणं, आणि त्यासाठी ओव्हन आधी भट्टीसारखा तापवून ठेवावा लागतो. नोलीनला जाग आली ती करपलेल्या साखरेच्या वासाने. ती धावत आली तेव्हा धूर छतापर्यंत गेला होता, लेस टॉवेलने वारा घालत होता, आणि रॉझ गाऊन गुंडाळून दारात उभी होती.

ओव्हनच्या तळावर काळं, चकचकीत, बुडबुडे येणारं काहीतरी पसरलं होतं.

"मी फडकं लावलं होतं," रॉझ म्हणाली. "आत पॅव्ह असला की लावतेच मी. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, फडकं असलं की ओव्हनला हात लावायचा नाही."

लेस शपथेवर सांगू लागला, काही नव्हतं, मोकळा दांडा होता. रॉझने दांड्याकडे पाहिलं, मग खुर्च्यांवर, मग जमिनीवर. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. हल्ली होतं असं, ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मागे एकदा नळ चालू राहिला होता. व्हर्नचा चष्माही असाच कुठेतरी ठेवून विसरला गेला. लावलं असं वाटलं असेल, लावलंच नसेल.

नोलीनला आता फडकं आठवलं. रॉझला असं गोंधळलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते बघवत होतं. चांगलं बघवत होतं. तिने मशीनमधून चादरी काढल्या, ओलं फडकं त्यांच्या मधोमध गुंडाळलं आणि टोपली धुण्याच्या खोलीत कोपऱ्यात सरकवून दिली.

मांस अंगणातल्या झाकणाच्या बार्बेक्यूवर गेलं. दुपारी पुतणे त्यांच्या बायकापोरांसह आले, त्यांनी लेसचं नाव 'बंबवाला' ठेवलं, आणि लेसने ते हसत घेतलं. जेवण उत्तम झालं. हॅम थंडगार, बिअर त्याहून थंड, कूलरचा वारा टेबलावरचे नाताळचे कागदी मुकुट हलवत होता. डिशवॉशर एकदाही अडला नाही. सगळं नोलीनने मनात रंगवलं होतं अगदी तसं, फक्त टेबलाच्या त्या टोकाला रॉझ गप्प बसली होती आणि प्रत्येक वस्तू हातातून खाली ठेवताना दोनदा बघत होती.

पुडिंग वाटून झालं. थेल्मांनी चमचा वाजवला.

"पुढचा नाताळ नोलीनकडे," त्या म्हणाल्या. "इथे वारा चांगला येतो. आणि रॉझवर आता एवढा भार नको. विसरायला लागलीय बिचारी."

टाळ्या वाजल्या. रॉझनेही वाजवल्या. "बरोबर आहे, आई," ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात.

इतक्या वर्षांनी हाती आलेली गोष्ट. नोलीनला वाटलं होतं गोड लागेल. रॉझचे तळहात एकमेकांवर आपटताना दिसले आणि तिला नेमकं कळलं, त्या टाळ्या कशा वाजवायच्या असतात ते.

"ती विसरली नव्हती," नोलीन म्हणाली. "फडकं मी काढलं. मशीनमध्ये टाकलं. अजून टोपलीत आहे."

लेस म्हणाला, "का गं?"

"तिच्या घरचं होतं म्हणून."

आधी रॉझच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, ते सगळ्यांनाच दिसलं. मग गाल लाल झाले. "सकाळपासून मी कुठल्या डॉक्टरकडे जावं याचा विचार करतेय," ती म्हणाली. "आणि तू मला बसू दिलंस तशीच."

"हो," नोलीन म्हणाली.

व्हर्नने मलईचं भांडं कारण नसताना पुढे सरकवलं. थेल्मांनी दोन्ही सुनांकडे आळीपाळीने पाहिलं, मग पुन्हा चमचा वाजवला.

"मी एकदा बोलले ते बोलले. पुढचा नाताळ इथेच. पॅव्ह नोलीन करेल. आणि सकाळी उठून ओव्हन रॉझ पेटवेल."

पुतण्यांपैकी एक जण खो खो हसला आणि मग टेबलच हसत सुटलं. रॉझ हसली नाही. ती उठली आणि फडकं आणायला धुण्याच्या खोलीकडे गेली. पाठीमागून दार आपटल्याचा आवाज येईल म्हणून नोलीन कान लावून बसली. आवाज आला नाही.

चहाच्या वेळेला नोलीन ओव्हनपुढे गुडघे टेकून बसली. करपलेली साखर काचेसारखी घट्ट झाली होती, सुरी लावली तरी हलेना. शेजारी कुणीतरी टेकलं. रॉझ. हातात बोथट पट्टी, बाजूला उकळत्या पाण्याची किटली.

"सरक," ती म्हणाली.

तिने कोपऱ्यात थोडं पाणी ओतलं, क्षणभर थांबली, पट्टी तिरकी सरकवली आणि हाताएवढा काळा तुकडा अखंड उचलून बाजूला ठेवला. खाली ओव्हन पुन्हा लख्ख. नोलीनने आपल्या सुरीकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे, आणि मनात म्हणाली, हेही हिलाच यावं ना. मग तिने आपल्या बाजूच्या कोपऱ्यात पाणी ओतलं आणि पट्टी मागून घेतली.