अडीच सेकंदांचा आरोप

अन्याय झाला तो सुजाता वहिनीवर. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी, वाशीमजवळच्या अनसिंग गावात, आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत. वेळ नेमकी सांगते आहे, कारण मोघम तक्रार कचेरीत कुणी वाचतसुद्धा नाही, हे मी पत्रकं लिहिता लिहिता शिकले. खिडकीबाहेर तुरीचा पिवळा बहर उन्हात निश्चल उभा होता, आणि खोलीत त्याहून निश्चल अशी शांतता पसरली होती. त्या शांततेचा आकार मला अजून आठवतो. ती जेमतेम अडीच सेकंदांची होती, आणि तेवढ्यात एका हुशार बाईच्या बुद्धीवर शिक्का मारला गेला.

झालं ते असं. पुण्याच्या एका ऑनलाइन क्लाससाठी वहिनीची मुलाखत चालली होती. शाळांमधून तासिका तत्त्वावर सहा वर्षं गणित शिकवणारी माझी ही भावजय. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज, दर एप्रिलमध्ये नव्यानं निरोप. या क्लासची नोकरी मात्र बारमाही होती, आणि घरात बसून करायची होती. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, अपूर्णांकानं भागताना तो उलटा का करायचा, हे मुलाला कसं सांगाल? वहिनीनं त्याच क्षणी बोलायला सुरुवात केली. मी दाराशी उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. पण पलीकडच्या चेहऱ्यांवर काही उमटेना. अडीच सेकंद गेले. बाई पुन्हा बोलू लागल्या, नेमकं तेव्हाच वहिनीचं उत्तर तिकडे पोचलं, दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले, दोघी थांबल्या, आणि दोघी पुन्हा एकदमच बोलल्या. मग माइक बंद करायचं विसरून बाई शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या, "अभ्यास चांगला आहे, पण जरा स्लो वाटतात."

स्लो! पुढच्या मंगळवारी अकरा वाजता खऱ्या मुलांचा एक तास घेऊन दाखवा, त्यावर काय ते ठरवू, असं सांगून त्यांनी निरोप घेतला. वहिनीनं लॅपटॉप मिटला, पदरानं त्यावरची नसलेली धूळ पुसली, आणि ती भाजी निवडायला बसली.

विलंब ही किती विलक्षण गोष्ट आहे, पाहा. तो रस्त्यात होतो, पण चिकटतो माणसाला. वाशीमच्या कचेरीत मी अनेकदा पाहिलं आहे: खिडकीपलीकडचा साहेब प्रमाण भाषेत, कागदी शब्दांत प्रश्न विचारतो, इकडची म्हातारी तो प्रश्न मनात आपल्या बोलीत उलटवून घेते, मग उत्तर देते, आणि त्या दोन श्वासांच्या अवकाशात साहेबानं तिला अडाणी ठरवून टाकलेलं असतं. उत्तर बरोबर होतं की नाही, हे कोण बघतं? ते केव्हा आलं एवढंच बघतात. शतकानुशतकं आमच्या लोकांना शाळेच्या दाराबाहेर थांबवून ठेवलं, आणि आत सोडल्यावर विचारलं, एवढा उशीर का झाला?

माझा संताप असा वाहू लागला की मला पत्रक सुचतं. त्याच दुपारी मी लिहून काढलं: इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा जाहीर निषेध, तीन मागण्या, आठ दिवसांची मुदत. खाली सह्यांसाठी रेघा आखल्या. वहिनीनं वाचलं आणि कागद परत दिला.

"लीडरबाई, निषेध मस्त हाय. पण दोष कुठं हाय ते पाह्यलं का तू?"

"कंपनीचाच असणार. दुसरा कुणाचा?"

"असणार म्हणून गणित सुटत नाई, रूपा. मांडून पाहा लागते."

आणि तिनं खरोखरच मांडलं. शंभर पानी वहीत रकाने आखले: वार, वेळ, घरात कोण आहे, राऊटरपर्यंतचा वेळ, बाहेरपर्यंतचा वेळ. लॅपटॉपवरून एक लहानसा संदेश पाठवायचा आणि तो जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. याला पिंग म्हणतात. एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर चांगल्या नेटवर असे पंचवीस-तीस तुकडे लागतात. दर अर्ध्या तासानं वहिनी भाजी फोडणीला टाकून यायची, मोजायची, लिहायची आणि पोळ्यांकडे परतायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा दंडक. राऊटर कपाटाआडून काढून उघड्यावर ठेवला, फरक शून्य. वायफाय सोडून वायर जोडली, फरक शून्य. राऊटरपर्यंतची फेरी नेहमीच दोन-तीन तुकड्यांत व्हायची. बाहेरची फेरी मात्र कधी अठ्ठावीस, आणि कधी एकाएकी दोन हजार चारशे. म्हणजे घर निर्दोष, दोष उंबऱ्यापलीकडे. मी पत्रक पुन्हा हातात घेतलं.

बुधवारी केबलवाला गजू आला. त्यानं फायबरचं टोक पुसलं, डबी बदलली, मोबाइलवर वेग मोजून दाखवला. "शंभरचा स्पीड येऊन राह्यला, ताई. अजून काय पाह्यजे तुमाले?"

वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कामरगावच्या जीपनं शिकवलेलं आहे. रस्ता डांबरी, इंजिन दमदार, ड्रायव्हर निष्णात. तरी तुम्ही वेळेवर पोचत नाही, कारण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि तुमच्या आधीचे तेरा जण अजून पोती चढवत असतात. गजूला मी हे समजावू पाहिलं. तो हसला, आणि जाता जाता खरा बॉम्ब टाकून गेला. "तुमचं वायफाय अख्ख्या गल्लीले मोकळं हाय. ओट्यावर पाहा किती जण बसून राह्यले. कुलूप लावा, सगळं ठीक होते."

हे खरं होतं. आमच्या वायफायला पासवर्ड नाही. जोडणी आली त्याच दिवशी बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते ठरवून टाकलं होतं. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झाले. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचं पत्र अडवलं नाही. आमच्या ओट्यावर शेजारची मुलं गृहपाठाचे व्हिडिओ बघतात, बायका पीकविम्याचे फॉर्म भरतात, कुणी मुंबईच्या भावाशी बोलतं. शहाण्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. गजूलाही वाटतो.

आणि आता मला जे लिहायचं आहे ते लिहिताना माझी मान खाली जाते आहे. समतेच्या घोषणा देऊन घसा बसवणारी मी, त्या दिवशी जेवताना म्हणाले, "बाबा, एका आठवड्यापुरतं लावू कुलूप. वहिनीचा तास झाला की काढू."

बाबांनी घास ताटात ठेवला. ते चिडले नाहीत. "माह्या बापाले लोक वरून पाणी ओतत," ते म्हणाले. "हात लागू नये म्हणून. तेबी आधी थोड्या दिवसांसाठीच ठरलं असंल, रूपा. कोणी कायमचं म्हणून सुरू करत नाई."

पण मंगळवार जवळ येत होता, आणि वहिनीची नोकरी काही तत्त्वावर मिळणार नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता; सासऱ्याच्या हट्टापायी तिचं काम जाणार होतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा म्हणतात म्हणून नाई. पण पोट्ट्यांचा दोष हाय हे कोणी मोजलं? तूही नाई, गजूनंही नाई."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, ती ओट्यावर गेली आणि सगळ्यांना म्हणाली, दहा मिनिटं तुमचे फोन नेटवरून काढा, मले एक हिशेब पाहाचा हाय. कुणी कारण विचारलं नाही. समोरच्या घरच्या कमलाकाकू तर म्हणाल्या, "दहा काहून, तासभर काढतो. तुही नोकरी लागली तर आमच्या पोरीले फुकट शिकवजो म्हणजे झालं." सगळे फोन नेटवरून उतरले. वहिनीनं मोजलं. दोन हजार शंभर. पुन्हा मोजलं. दोन हजार तीनशे. ओट्यावर एकही जण नेट वापरत नव्हता, आणि आमचा संदेश तरीही त्या भरल्या जीपसारखा जागच्या जागी खोळंबला होता. ज्यांना कुलूप लावायला मी निघाले होते, ते सगळे निरपराध होते.

शुक्रवारी मी कामरगावला महिला मंडळाच्या बैठकीला गेले, तिथून वाशीमला, आणि शनिवारी दुपारी परतले. हातपाय धुऊन आत आले तर वहिनी वही उघडून बसलेली.

"रागवू नको. तुले एक दाखवतो."

काल सकाळपासून आज दुपारपर्यंत, रकान्यात ओळीनं अठ्ठावीस, एकोणतीस, सत्तावीस. एकही आकडा तिसाच्या वर नाही. आणि आता, मी घरात आल्यावर पाचच मिनिटांनी घेतलेली नोंद: अठराशे.

"घरात कोण आहे, हा रकाना मी उगाच नवता आखला," ती म्हणाली. "तू नसली की नेट पळते. तुहा फोन दे."

मी दिला. तिनं त्याचं नेट बंद केलं आणि लॅपटॉपवर मोजलं. अठ्ठावीस. चालू केलं: एकवीसशे. बंद: सत्तावीस. सिद्धता इतकी स्वच्छ होती की तिच्यापुढे कुठलाही निषेध टिकला नसता.

काय चाललं होतं त्या फोनमध्ये? मी जिथे जाते तिथे चित्रण करते: धरणं-आंदोलनं, बैठका, निवेदनं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माझीच भाषणं. घरचं वायफाय लागलं की फोन हे सगळं आपोआप इंटरनेटवरच्या साठ्यात चढवू लागतो. ती सोय मीच कधीतरी चालू करून ठेवली होती. आमच्या जोडणीत खाली यायची वाट रुंद आहे, वर जायची अरुंद. माझ्या व्हिडिओंनी ती अरुंद वाट काठोकाठ भरायची, आणि बाकीचं सगळं राऊटरमध्ये रांग लावून उभं राहायचं. म्हणूनच राऊटरपर्यंत सगळं सुरळीत दिसायचं आणि विलंब बाहेरचा भासायचा. त्या मंगळवारी मी सकाळी साडेदहाला वाशीमच्या धरण्यावरून दीड तासाचं चित्रण घेऊन घरी आले होते. अकरा वाजून बारा मिनिटांनी वहिनी अपूर्णांक समजावत होती, आणि तिचे शब्द माझ्या घोषणांच्या मागे रांगेत तिष्ठत होते.

कितीदा होत असेल असं? आपण ज्यांच्यासाठी बोलतो, त्यांचाच आवाज आपल्या आवाजामागे अडकून पडतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण आपला आवाज तर वेळेवर पोचत असतो. चळवळीतल्या माणसाला बाहेरचा शत्रू चटकन दिसतो. ती आमची कमाई आहे आणि तो आमचा दोषही आहे. मी पत्रक फाडलं नाही. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर वहिनीनं मंगळवारच्या तासाची टाचणं काढली.

दुरुस्ती अगदी साधी निघाली. फोनची ती आपोआप चढवण्याची सोय बंद केली. गजूला बोलावून राऊटरमध्ये अशी मर्यादा घातली की कुणाही एकाला वर जायची सगळी वाट अडवता येऊ नये. पासवर्ड घातला नाही. बाबांनी गजूला चहा पाजला.

मंगळवारी अकरा वाजता पडद्यावर नऊ मुलं उगवली. वहिनीनं विचारलं, अर्ध्या भाकरीत पाव भाकरीचे तुकडे किती? एक मुलगी म्हणाली, दोन. वहिनी म्हणाली, मग मी एक खाल्ला तर तुझ्या वाट्याला किती? आणि मुलगी म्हणाली, "मॅडम, पण तुम्ही का खाल्ला?" नऊही मुलं हसली, वहिनीही हसली, आणि तिचं हसू त्याच क्षणी तिकडे पोचलं. हास्य वेळेवर पोचणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचा प्रश्न तिनं त्या हसण्यावरच टाकला, आणि पाऊण तास त्या खोलीत आणि त्या पडद्यावर मिळून एकच वर्ग भरला.

तिला काम मिळालं. रोजच्या पहिल्या ऑनलाइन वर्गाला जोडून तिनं ओट्यावरच्या मुलांचाही एक तास सुरू केला आहे; कमलाकाकूंची मुलगी पहिल्या रांगेत बसते. पण त्या पुण्याच्या बाईंनी 'जरा स्लो' हे शब्द मागे घेतले नाहीत. त्यांना ते बोलल्याचं आठवतही नसेल. आणि वहिनीकडे दुसरा मंगळवार होता म्हणून ती वाचली. ज्यांना दुसरा मंगळवार मिळाला नाही, त्यांचं काय?

म्हणून माझा दोष कबूल करून झाल्यावर माझी मागणी तुमच्याकडे आहे. हे वाचणारे तुम्ही कधी ना कधी कुणाला तरी जोखत असता: पडद्यावर, फोनवर, खिडकीपलीकडून, टेबलामागून. समोरून उत्तर उशिरा आलं तर आधी विचारा, माझा प्रश्न तुमच्यापर्यंत केव्हा पोचला, आणि तुमचं उत्तर तिकडून केव्हा निघालं? आणि न विचारताच कुणाच्या नावापुढे काही लिहून ठेवलं असेल, तर आजच तो कागद काढा, त्या माणसाला फोन लावा, आणि पुन्हा एकदा बोलवा.