आमच्या मजल्यावरची कसर

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. दुपारी जेवणं उरकली की आम्ही बायका दारं उघडी टाकून पॅसेजमध्ये बसतो, लसूण सोलतो, आणि एकीचं ऐकून दुसरीला आठवतं. उलव्यातल्या आमच्या मजल्यावरचे निम्मे किस्से कसरीचे. कसर म्हणजे तो चंदेरी, चपटा किडा, लाइट लावला की सळ्ळकन फटीत जातो. खाडीजवळची बिल्डिंग, भिंतींना ओल. कपडे, कागद, फोटो, काही सोडत नाही मेला.

बाकीच्यांनी पेस्ट कंट्रोल करून घेतलं. आमच्याकडे ते जमण्यासारखं नव्हतं. आमचे हे वर्षानुवर्षं न्हावा शेव्याला ट्रेलर चालवून घरी बसले, ते फुफ्फुसांचं दुखणं घेऊनच. नाकाला नळी, कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी बजावलेलं, फवारणी नको, फिनेल नको, उदबत्तीसुद्धा नको. म्हणजे राहिले घरगुती उपाय.

*

पहिला लवंगांचा. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं. मी कपाटाच्या प्रत्येक कप्प्यात, गादीखाली, यांच्या उशाशी असलेल्या खणातसुद्धा लवंगांच्या पुरचुंड्या ठेवल्या. संध्याकाळी यांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. सगळ्या पुरचुंड्या गोळा करून गॅलरीत टाकल्या, तेव्हा कुठे श्वास जागेवर आला.

जरा बोलता यायला लागल्यावर म्हणाले, "कसर राहिली बाजूला, माझाच मसालेभात केलास."

स्वतःच हसले, आणि पुन्हा उबळ आली. त्यानंतर घरात यांना कोणी हसवायचं नाही, असा नियमच झाला.

*

मग वन्संनी साताऱ्याहून एसटीने गोणीभर कडुनिंबाचा पाला धाडला. सावलीत चांगला वाळव, मगच कपाटात ठेव, असं बजावलं होतं. पण नेमकं तेव्हाच यांना अ‍ॅडमिट करावं लागलं आणि गोणी दारात तशीच राहिली. यांना घरी आणल्यावर घाईघाईत मी तो दमट पालाच साड्यांच्या घड्यांत घातला. त्याला बुरशी आली. लग्नातला शालू उघडला तर घडीवर काळा पट्टा, आणि त्या पट्ट्यावर कसर निवांत फिरतेय.

त्याच दिवशी वन्संचा फोन आला. काही गुण आला का, म्हणून विचारत होत्या. पाल्याचं विचारत होत्या की भावाचं, ते मला कळेना. मी म्हटलं, "आहे थोडा."

*

शेजारच्या म्हात्रे वहिनींचं गावातलं घर विमानतळाच्या जागेत गेलं. त्यांच्या सासऱ्यांना सगळे दादा म्हणतात. त्या घरासमोर उभं राहून काढलेला दादांचा एकच फोटो त्यांच्या हॉलमध्ये होता. मी सांगितलं म्हणून वहिनींनी फ्रेम उतरवली, मागे वेखंडाची पूड भरायला. उघडली तर कसरीने फोटो आधीच खाल्लेला. दादा शाबूत होते. मागचं घर गेलं होतं.

वहिनींना रडू आवरेना. दादांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "घर तं कवाच गेलं हाय. मीच तेवरा र्‍हायलो."

वहिनींनी तो तसाच फ्रेममध्ये घालून परत लावला. अजून भिंतीवर आहे.

*

बरणीचा उपाय मुलाने सांगितला. तो ऐरोलीला आयटीत आहे, नेटवर बघून काही ना काही कळवायचा. काचेच्या बरणीला बाहेरून खरखरीत कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, आत पावाचा तुकडा टाकायचा. कसर बाहेरून चढते, आत पडते, आणि गुळगुळीत काचेवरून तिला वर येता येत नाही.

सकाळी बघते तर बरणीत बरेच किडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं. मी हौसेने बरणी यांना दाखवायला नेली. यांनी ती छातीवर धरली आणि बघत राहिले. किडे चढत होते, घसरत होते, पुन्हा चढत होते.

मला वाटलं, शाबासकी देतील. मशीनच्या घरघरीत हळूच म्हणाले, "बाहेर सोडून ये गं. मारू नकोस."

मी खाली जाऊन कंपाउंडच्या पलीकडे बरणी झटकून आले. पुन्हा काही ती लावली नाही. कपाट ओल्या भिंतीपासून ओढून घेतलं, कपड्यांना रोज ऊन दाखवलं, कप्प्यांत वेखंड ठेवलं. कसर हळूहळू कमी झाली. यांचं दुखणं मात्र वाढतच गेलं.

*

मग हे गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. भाड्याचं मशीन परत गेलं. घर इतकं शांत झालं की मला झोप येईना.

मुलगा म्हणाला, आई, आता एकदा नीट फवारणी करून घेऊ. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण शब्द निघून गेला होता. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याने फोन लावला.

माणूस आला. पाठीवर टाकी, तोंडाला मास्क. मी भांडी झाकली. मुलाने कपाट उघडलं, गाद्या भिंतीला उभ्या केल्या. कपाटात पाइप घालण्याआधी त्या माणसाने सगळीकडे विचारत असेल तेच विचारलं, "मावशी, घरात कोणी दम्याचं, श्वासाचं पेशंट आहे का?"

मुलगा उत्तर देणार होता. त्याच्या आधी मी म्हटलं, "आहेत."

"मग नाही मारता येणार," तो म्हणाला आणि पाइप गुंडाळायला लागला.

मुलाने एकेक करून गाद्या परत खाली घातल्या.