आरशातून दिसणारा टीव्ही

दादाने आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, पण स्वतःच्या गळ्यापाशी कोणाला येऊ दिलं नाही. सख्ख्या धाकट्या भावालाही नाही.

सलूनमध्ये खुर्च्या दोनच. दाराजवळची दादाची, आतली धाकट्याची. दिवसभर माणसं यायची, मान मागे टाकायची, डोळे मिटायची. काही तर घोरायचीसुद्धा. दादाला नवल वाटायचं. ज्याच्या हातात पातं आहे त्याच्यासमोर हे लोक डोळे मिटतात तरी कसे? स्वतःची दाढी तो स्वतःच करायचा. सकाळी, दुकान उघडायच्या आधी, उभ्या उभ्या.

"डब्यातल्या साखरेवर खूण करून ठेवतात," त्याची बायको सांगायची. "मुंगीने नेली तरी नाव माझंच."

अशा माणसाच्या दुकानात एक टक्कल पडलेलं गिऱ्हाईक एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा केस कापायला आलं.

कानांच्या वर उरलेली झालर. तीही दादाने परवाच कापलेली.

"काय कापू?" दादाने विचारलं.

"थोडं नीटनेटकं करा."

दादा हवेत कात्री वाजवत राहिला आणि आरशात बघत राहिला. न्हाव्याला गिऱ्हाइकाचा चेहरा भेटतो तो आरशातच. बहुतेक माणसं आरशात स्वतःला बघतात. हा बघत नव्हता. त्याची नजर दादाच्या खांद्यावरून मागे जात होती. मागे बाकडं होतं. बाकड्याच्या वर जाड फळी. फळीवर टीव्ही.

टीव्ही जुना, लाकडी पेटीचा, कृष्णधवल. पडद्यासमोर दोन सरकती दारं, बारीक पट्ट्या कापडावर चिकटवून केलेली. ओढली की मधोमध मिळायची आणि टीव्हीचं कपाट व्हायचं. उघडली की पेटीच्या कुशीत गुडूप. भावांनी तो बक्षिसाच्या डब्यातून घेतला होता. गिऱ्हाईक वरचे सुट्टे ठेवून जायचं ते दोघे एकाच डब्यात टाकायचे. तेव्हा गल्लीत दुसरा टीव्ही नव्हता. मिसरूड न फुटलेली पोरंही दाढीसाठी रांग लावायची. मग घरोघरी टीव्ही आले. हा एक दिवस मुकाट्याने बंद पडला आणि वर तसाच राहिला. धाकटा अधूनमधून फडका मारायचा. दादा तेवढंही करत नव्हता. पण दुसरं कोणी बघतंय म्हटल्यावर त्याला तो एकदम दिसायला लागला.

बातमी शेजारच्या टेलरने आणली. टेलरच्या गळ्यात टेप आणि तोंडात सगळ्यांची खबर, कायम.

"तुमच्या टकलेसाहेबांचा नाद कळला का? जुने टीव्ही गोळा करतात. घरात माणसांपेक्षा टीव्ही जास्त."

"चालणारे?"

"चालण्याशी काय देणंघेणं? हा सरकत्या दारांचा म्हणे कंपनीने जेमतेम काढला आणि कंपनीच बुडाली. लोकांनी दारं मोडली, पेट्या भंगारात घातल्या. काहींनी त्यात कोंबड्या पाळल्या. दोन्ही दारं शाबूत असलेला शोधून सापडत नाही. किंमत विचारू नकोस, घाम फुटेल."

"तुला साहेबांनी सांगितलं?"

"मला कशाला सांगतील? तू घरी जेवायला गेला होतास, तेव्हा तुझ्या भावाशी बोलत होते. माझ्या मशीनवर बसलं की सगळं ऐकू येतं."

दादाने आतल्या खुर्चीकडे पाहिलं. धाकट्याला माहीत होतं. आणि धाकटा गप्प होता.

त्या दिवसापासून दादा आरशात गिऱ्हाइकाकडे कमी आणि भावाकडे जास्त बघू लागला. धाकटा शीळ घालत होता. एवढा आनंद कशाचा? धाकटा एकदा म्हणाला, "दादा, तो टीव्ही खाली घ्यायला हवा. फळी कुजलीय." इतकी वर्षं न कुजलेली फळी आत्ताच बरी कुजली. मग एका दुपारी दादा जेवून लवकर परतला, तर धाकटा बाकड्यावर चढून टीव्हीला टेप लावत होता. टेपही टेलरचीच.

"काय करतोस?"

"काही नाही. बघत होतो केवढा आहे."

"इतकी वर्षं बघतोयस. वाढलाय का?"

धाकटा हसला आणि खाली उतरला.

दादाने टेलरला गाठलं. टेलरने दातांनी दोरा तोडला. "माप घेतलं? मग त्याच मापाचा दुसरा आणून ठेवायचा असेल. वर त्या धुळीत कोण ओळखणार?"

टेलर थट्टा करत होता. दादाला थट्टा कळायची. कळायची आणि पटायचीही.

"भावजी असे नाहीत," घरी बायको म्हणाली.

"मग टेप कशाला?"

"विचारा ना त्यांना."

"विचारलं की सावध होईल."

दुसऱ्या दिवशी धाकटा जेवायला गेला तसं दादाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बाकड्यावर चढला. टीव्हीची दोन्ही दारं बंद केली. इतक्या वर्षांनीही ती अडखळली नाहीत, लोण्यासारखी सरकली. त्याला पहिला दिवस आठवला. धाकट्याने दारं उघडली होती आणि फेस लावलेल्या तोंडांनी लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग त्याला टेप आठवली. त्याने जुन्या वस्तऱ्याच्या टोकाने उजव्या दारावर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. ठसठशीत. हात कसलेला, रेघ कुठे हलली नाही. आता बदलून दाखव म्हणावं.

दारं पुन्हा उघडली. अक्षर पेटीच्या कुशीत गेलं. त्या रात्री दादाला छान झोप लागली.

टकलेसाहेब पुन्हा आले तेव्हा दोघे भाऊ दुकानात होते.

"आज केसांसाठी नाही आलो."

"ते आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे," दादा म्हणाला.

"तुमचे भाऊ म्हणाले, दादा असेल तेव्हाच या. त्याच्या माघारी मी सौद्याचा एक शब्द बोलणार नाही."

दादाने आरशात पाहिलं. धाकटा ब्रश धूत होता. दोघांनी ठरवून ठेवलेलं असेल, दादाला वाटलं.

साहेब बूट काढून बाकड्यावर चढले. मागचं झाकण पाहिलं, झाकणावरचा पिवळा पडलेला कंपनीचा कागद पाहिला. बोट कुठेच लावलं नाही. "आत कोणी हात घातलेला नाही," ते हळूच म्हणाले. "असा मी अजून पाहिला नव्हता." मग डावं दार ओढलं. मग उजवं. आणि तसेच उभे राहिले.

"हे कधीचं?"

धाकटा हात पुसत पुढे आला. कोरलेलं लाकूड पांढरं दिसत होतं. त्यावर धूळसुद्धा बसली नव्हती.

"दादा, हे तू केलंस?"

"खूण आहे. अदलाबदल होऊ नये म्हणून."

"कोण करणार होतं अदलाबदल?"

दादाने आरशात भावाकडे पाहिलं. धाकट्याला मग सगळं उमगलं.

"मी टेप लावली म्हणून? अरे, सुताराला काचेची पेटी सांगितलीय. साहेब म्हणाले, धुळीने दारं जातील. तू विकणार नाहीस हे मला ठाऊक होतं. म्हटलं, पेटी आली की दाखवीन. आधी सांगितलं असतं तर तू सुतारावर संशय घेतला असतास."

हे खरं होतं. दादाला सुतार तसाही पसंत नव्हता.

"आणि अक्षर एकच," धाकटा म्हणाला. "डबा दोघांचा होता."

त्याने एप्रन सोडला. कात्र्या पुसून कापडात गुंडाळू लागला. एकेक, सावकाश. "टेलरच्या पलीकडचा गाळा रिकामा आहे. माझी खुर्ची मी उद्या हलवतो."

मध्येच साहेब बोलले. "हे बघा, एकच अक्षर आहे. चांगला कारागीर भरून काढील. किंमत पडली, पण गेलेली नाही. मी अजूनही घ्यायला तयार आहे. फक्त आता त्याला हात लावू नका."

दादा आरशात बघत होता. धाकट्याचे डोळे खाली होते. त्यात शोधून काढण्यासारखं काही नव्हतं.

दादाने वस्तरा उचलला आणि बाकड्यावर चढला.

"अहो, नको," साहेब म्हणाले.

पातं लाकडात करकरलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. दादाने डाव्या दारावर धाकट्याचं अक्षर काढलं, आपल्या अक्षराला चिकटून. फुंकर मारून भुसा उडवला आणि खाली उतरला.

धाकट्याने बाकड्यापाशी येऊन दोन्ही अक्षरं पाहिली.

"माझं लहान काढलंस."

"डाव्या दाराला जागा कमी आहे."

"दोन्ही दारं सारखी आहेत. मी मोजलीत."

साहेबांनी बूट घातले. "आता हा तुमचाच," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या कामाचा राहिला नाही." आणि केस न कापता गेले.

धाकट्याने कात्र्या पुन्हा उलगडल्या. एप्रन बांधला. आतली खुर्ची फडक्याने झटकली.

"बस."

"कशाला?"

"हनुवटीखाली दाढी राहिलीय. रोजच राहते. तुला दिसत नाही, मला दिसते."

दादा उभाच राहिला. मग बसला. या खुर्चीतून दुकान वेगळंच दिसत होतं. आरशात फळी होती, फळीवर बंद दारांचा टीव्ही, दारांवर दोन उलटी अक्षरं. धाकट्याने फेस लावला, नवं पातं घातलं, दादाची मान मागे घेतली.

"डोळे मीट."

"मिटतो की."

"दादा."

दादाने एक डोळा मिटला.