दोऱ्याचं दुसरं टोक

आमचे हे पंखे सांभाळतात. घरातले नव्हेत. घरातला पंखा गेली कित्येक वर्षं कुरकुरतोय आणि त्याच्याकडे बघायला यांना सवड नाही. यांचे पंखे मोठमोठ्या दुकानांच्या, थिएटरांच्या, इस्पितळांच्या गच्चीवर पत्र्याच्या पेटाऱ्यांत बसवलेले असतात. खालच्या माणसांना ते कधी दिसत नाहीत. आत कोंदट वाटायला लागलं की मगच कुणाला तरी आठवतं, वर काहीतरी फिरत असायला हवं होतं.

काम तसं ठरलेलं. मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप लावायचं, खिसे रिकामे करायचे आणि पेटाऱ्यात शिरायचं. पात्यांवरचा मळ खरवडायचा, बेअरिंगला ग्रीस द्यायचं, पट्टा सैल असेल तर ताणायचा, विरला असेल तर बदलायचा. खिशांच्या बाबतीत हे फार कडक. नाणं, किल्ली, फोन, काहीही आत पडलं आणि पंखा सुरू झाला तर गोळीसारखं सुटतं, म्हणतात.

पट्टा बदलला की पंख्याची पुली आणि मोटरची पुली एका रेषेत आणावी लागते, नाहीतर नवा पट्टा बघता बघता झिजतो. त्यासाठी दोरा ताणायचा. एकाने पंख्याच्या बाजूला दोरा धरायचा, दुसऱ्याने मोटरच्या बाजूला, आणि दोरा सगळीकडे नीट टेकेपर्यंत मोटर जराजराशी सरकवायची. यांच्या दोऱ्याचं दुसरं टोक नेहमी माझ्या धाकट्या दिरांच्या हातात असायचं. कंपनी एक, जोडी एक. सासूबाई दोघांना मोठ्या आणि छोट्या म्हणायच्या. कामावरही तीच नावं चिकटली होती.

सासूबाई आजारी पडल्या तेव्हा भाऊजी रजा काढून इस्पितळात बसले. दोघांनीही रजा घेतली तर काम कोण बघणार, असं यांचं म्हणणं. आणि डॉक्टरही म्हणाले होते, ताप उतरला की घरी सोडू. त्या दिवशी हे एका थिएटरच्या पंख्यात शिरले होते. फोन नेहमीप्रमाणे बाहेर, हत्यारांच्या पेटीत. भाऊजींनी किती वेळा लावला असेल देव जाणे. बाहेर येऊन हात पुसले, फोन बघितला आणि हे तसेच धावले. पोचले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती.

भाऊजींनी यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून अबोला. आमच्या घरी येणं बंद, फोन बंद. कामावर मात्र जोडी तीच, कारण तो दोरा काही एकट्याने धरता येत नाही. ‘मागे घे’, ‘जरा पुढे’, ‘राहू दे’. एवढ्या भांडवलावर दोन सख्ख्या भावांनी वर्षं काढली. मला नुसता संताप यायचा. नवऱ्याशी भांडले तर मला अर्धा तास गप्प बसवत नाही. ही माणसं कशाची बनलीत कोण जाणे!

यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. शेवटी आईने आपली आठवण काढली का? ते सांगू शकणारा माणूस जगात एकच होता आणि तो रोज यांच्यासमोर दोरा धरून बसायचा.

“विचारून टाका ना एकदाचं,” मी म्हणायची.

“विचारीन.”

“कधी? दोघांचे दात पडल्यावर?”

“हो म्हणाला तर ते जन्मभर मनाला खात राहील. नाही म्हणाला तर त्याहून वाईट,” हे म्हणायचे आणि ताट पुढे ओढायचे.

मग कंपनीने लेझर आणलं. एका पुलीला चिकटवायचं, दुसरीवर लाल रेघ पडते. एकटा माणूस चुटकीसरशी काम उरकतो. झालं, जोड्या मोडल्या. यांनी साहेबांशी हुज्जत घातली, माझा या रेघेवर भरवसा नाही, मला दोराच हवा. साहेबांना वाटलं, बुवा नव्या यंत्राला बिचकतोय. बिचकतायत कसले! दोरा गेला की दुसऱ्या टोकाचा माणूसही जाणार, हे यांना कळत होतं, आणि मलाही. तसंच झालं. भाऊजींची लांबच्या शहरात बदली झाली, बायकामुलांसकट.

भाऊजींच्या इथल्या शेवटच्या दिवशी दोघांच्या वाट्याला एका मोठ्या दुकानावरचा जुना पंखा आला, लेझर चिकटवायला जागाच नसलेला. सकाळी डबा देताना मी दारात आडवी उभी राहिले.

“आज न विचारता घरी आलात तर याद राखा.”

यांनी डबा पिशवीत टाकला. बूट चढवले आणि गेले.

संध्याकाळी आले ते तसेच स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसले. हाताचं ग्रीससुद्धा धुतलेलं नव्हतं. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं.

“विचारलंत?”

“विचारलं. दोरा ताणलेला होता. मान वर न करताच विचारलं, आईने माझी आठवण काढली होती का रे?”

“मग?”

“आधी हसला. मग दोरा सोडून खाली बसला. म्हणाला, ‘दादा, आठवण कसली काढतेय? तापात ती मलाच मोठ्या म्हणत होती. मोठ्या, पाणी दे. मोठ्या, पाय चेप. मी किती सांगितलं, आई, मी छोट्या आहे. तर म्हणायची, छोट्या कुठे राहिला, त्याला बोलाव ना. हात माझ्या हातात आणि वाट माझीच बघतेय! शेवटपर्यंत बघत होती.’”

मी गॅस बारीक केला आणि यांच्याशेजारी बसले.

“म्हणून तो फोन करत होता,” हे म्हणाले. “मी आलो असतो, दोघं शेजारी उभे राहिलो असतो, तर निदान तेव्हा तरी तिने त्याला ओळखलं असतं. तेवढ्यासाठी बोलवत होता मला.”

 मी यांच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले.

“इतकी वर्षं मला वाटायचं, आई गेली तेव्हा मी तिथे नव्हतो. अगं, तिच्या लेखी मी होतो की तिथे. नव्हता तो छोट्या.”

आणि आई गेली त्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस न काढलेला हा माणूस टेबलावर डोकं ठेवून भावासाठी ढसाढसा रडला.