वाडग्यातला लाल पट्टा

मंडळी, सकाळपासून किळस जात नाहीये, म्हणून इथे ओकतोय.

जव्हारला माझं लाकूडकामाचं छोटं दुकान आहे. आंब्याचा ओंडका मी दुकानामागच्या भिंतीला, ओल्या गोणपाटाखाली मुद्दाम कुजवतो. बुरशी लाकडात सुंदर काळ्या रेषा काढते, पण लाकूड भुसभुशीत होतं. मग ते कडक वाळवायचं, रेझिनमध्ये बुडवायचं, पंपाने आतली हवा ओढून रेझिन मुरवायचं आणि ओव्हनमध्ये तापवायचं. दगडासारखं झालं की लेथवर वाडगा कातायचा.

या वेळच्या वाडग्यात काळ्या रेषांसोबत एक लाल पट्टाही उमटला. मी खूश! आज इथलं शिरपामाळ हे ऐतिहासिक ठिकाण बघून आलेल्या एक ताई नेमका तोच वाडगा हातात घेऊन म्हणाल्या, "किती नैसर्गिक रंग!" मीही ऐटीत सांगितलं, "सगळी बुरशीची करामत!"

दारात मोखाड्याच्या जीपचा ड्रायव्हर उभा होता, गाल गुटख्याने फुगलेला. पिचकारी सांभाळत, मान वर करून म्हणाला, "बुरशी कसली! मी रोज तठंच, मागल्या गोणपाटावर थुकतो."

ताईंनी वाडगा खाली ठेवला आणि हात धुवायला पाणी मागितलं.

मी भडकलो, तर हा म्हणतो, "लाकूड सडेलच होता ना? मंग काय झाला?"

नंतर घासून बघितलं. जिथवर रेझिन मुरलंय, तिथवर गुटखाही मुरलाय. आता कायमचा.

भिंतीवर कुणी थुंकू नये म्हणून आपण देवाच्या टाइल्स लावतो. तुम्हीच सांगा, आता कुजक्या ओंडक्यावरही देव चिकटवू का?