टिपणिसांची टर्की

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात अंडंसुद्धा धड उकडलं नाही, त्यानं एकदम साडेसहा किलोची टर्की अंगावर घ्यावी, याला धाडस म्हणायचं की दु:ख, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आयर्लंडमधल्या कॅरिगलाइन गावच्या बुचरला, म्हणजे खाटकाला, तो निव्वळ अडाणीपणा वाटला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रल्हाद टिपणीस त्याच्याकडे ऑर्डर द्यायला गेले, तेव्हा त्यानं विचारलं, माणसं किती? टिपणीस म्हणाले, दोन. मग त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की नुसता छातीचा भाग वेगळा मिळतो, दोघांना दोन दिवस पुरून उरतो. टिपणीस मान हलवत राहिले. अख्खी हवी. पायांसकट, पंखांसकट. शेवटी बुचरनं वहीत नाव लिहून घेतलं आणि रांगेतल्या बायकांकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यातल्या एकीनं टिपणिसांना उगीचच हॅपी ख्रिसमस म्हटलं.

टिपणीस एकोणीस वर्षांपूर्वी ठाण्याहून आले ते कॉर्कजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात. तिथे ते व्हॅलिडेशन बघतात. म्हणजे काय, हे त्यांनी लग्नानंतर बायकोला तीन वेळा समजावून सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा ती मध्येच गॅस बंद करायला उठली होती. थोडक्यात असं, की यंत्रानं काम केलं एवढ्यावर या कामात भागत नाही. ते केल्याची नोंद लागते, नोंदीवर सही लागते, आणि सहीखाली दुसऱ्या माणसाची सही लागते. नोंद नसेल तर ती गोष्ट घडलीच नाही असं धरतात. या तत्त्वावर टिपणिसांचं घर, गाडी आणि रक्तदाब उभा होता.

टर्की हे खातं मात्र बायकोचं, मृणालिनीचं. आयर्लंडमधल्या पहिल्याच डिसेंबरात शेजारच्या नोरीनबाईंनी तिला हात धरून शिकवलं. आदल्या दिवशी पक्षी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, संध्याकाळी काढायचा, पुसून कोरडा करायचा, रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवायचा, सकाळी भट्टीत घालायचा. मृणालिनीनं दुसऱ्याच वर्षी त्यात आपलं डोकं घातलं आणि तिसऱ्या वर्षी नोरीनबाई आपल्या घरची टर्की सोडून हिच्याकडे चाखायला येऊ लागल्या. टिपणिसांचं काम मिठाच्या पाण्याची बादली उचलून मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवणं. इथल्या डिसेंबरात शेड म्हणजे देवानं दिलेला फ्रिज. ते बादली उचलायचे, कमरेला हात लावायचे आणि जेवताना सगळ्यांना सांगायचे की टर्की आम्ही दोघांनी केली आहे.

मृणालिनी मार्चमध्ये गेली.

आजार वर्षभराचा होता, तरी शेवट दोन दिवसांत आला. त्या संध्याकाळी आठ वाजता डॉक्टरांनी टिपणिसांना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, की रात्र अवघड आहे, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. बोलवायचं कोणाला, तर एकाच माणसाला. लेक स्वरांगी डब्लिनला प्राथमिक शाळेत शिकवते. गाडीनं अडीच-तीन तास. टिपणिसांनी फोन हातात घेतला, पलंगाशेजारच्या यंत्राच्या पडद्यावरचे आकडे पाहिले, ते त्यांना बरे वाटले, आणि फोन परत खिशात ठेवला. पहाटे पाच वाजता त्यांनी तो केला. तेव्हा सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. अचानक झालं गं, ते म्हणाले. कोणालाच कल्पना नव्हती.

पुढे दोन दिवसांनी वॉर्डातली एक नर्स स्वरांगीला मिठी मारून सांत्वन करत होती. बोलता बोलता ती म्हणाली, तुझे वडील किती धीराचे, आठ वाजल्यापासून माहीत असून रात्रभर एकटे बसून होते. टिपणीस चार पावलांवर उभे होते. लेकीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग ती नर्सचे आभार मानू लागली.

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येई. हवा कशी आहे, जेवलास का, काळजी घे. सहा-सात मिनिटं. ती ऑगस्टमध्ये एकदा येऊन आईचे कपडे पिशव्यांत भरून गेली, पण राहिली नाही. तिला ठाऊक होतं, तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि मध्ये ते आठ वाजले तसेच अडकून पडले होते. आपण होऊन सांगायचं तर ती समोर पाहिजे. समोर यायला काहीतरी निमित्त पाहिजे. दिवाळीचं निमित्त हातचं गेलं होतं, कारण ठाण्याच्या विभावरीताईंनी, म्हणजे टिपणिसांच्या थोरल्या बहिणीनं, फर्मान काढलं होतं की वर्ष होईपर्यंत घरात सण नाही. गणपती नाही, दिवाळी नाही, गोडधोड नाही, तळण तर नाहीच नाही.

नाताळाचं काय, असं टिपणिसांनी भीतभीत विचारलं. ताई फोनवर बराच वेळ गप्प होत्या. शास्त्रात हा प्रश्न पूर्वी कोणी उपस्थित केला नसावा.

"तो आपल्यात बसत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तेव्हा कर काय ते. पण तळू नकोस."

टर्की भाजतात, तळत नाहीत, हे टिपणिसांनी त्यांना खात्रीपूर्वक सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी लेकीला फोन करून, जमेल तितक्या सहज आवाजात, टर्की करतोय म्हणाले. तिनं ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग ती म्हणाली, चोवीसला शेवटच्या ट्रेननं येते. पण सव्वीसला सकाळी निघावं लागेल, मॅलो गावची मैत्रीण ईफा डब्लिनला परत चालली आहे, तिची गाडी अकराला येईल. म्हणजे एक दिवस आणि वर थोडं. टिपणिसांनी तेवढ्यात बसवायचं ठरवलं.

मृणालिनीनं काहीही लिहून ठेवलं नव्हतं. टिपणिसांनी आठवून, नोरीनबाईंना विचारून, एक तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. पाणी सहा लिटर, मीठ साडेतीनशे ग्रॅम, संत्र्याची साल, मिरी, तमालपत्र. बादलीत थर्मामीटर. दर दोन तासांनी तापमान, वेळ आणि सही. दुसऱ्या सहीचा रकाना त्यांनी सवयीनं आखला आणि मग तो रिकामाच राहणार हे लक्षात येऊन त्या रकान्यापुढे जरा वेळ उभे राहिले. चोवीसला सकाळी सहा वाजता बादली उचलताना त्यांच्या ध्यानात आलं, की एकोणीस वर्षं आपण ज्याला काम म्हणत होतो ते या सगळ्यातलं सर्वांत सोपं होतं.

संध्याकाळी पक्षी काढून, धुऊन, पुसून, जाळीवर ठेवून त्यांनी फ्रिजमध्ये घातला आणि स्टेशनवर लेकीला आणायला गेले. तिच्या पाठीवर एकच बॅग होती, शाळेत नेतात तेवढी. घरी आल्यावर तिनं तक्ता वाचला. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. भट्टीत घालायचा मोठा ट्रे नोरीनबाईंकडे होता तो आणायला टिपणीस गेले. नोरीनबाईंनी त्यांना बसवलं, चहा पाजला, मृणालिनीच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले. चांगला पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात जे घडलं त्याची तक्त्यावर नोंद नाही. स्वरांगीनं फ्रिज उघडला. पांढराफटक पक्षी आपला पडलेला. आई काय करायची ते तिला लख्ख आठवत होतं: कातडीखाली हात घालून, पिवळ्या बोटांनी, ती मांसाला काहीतरी चोळायची. बाबाला हे कुठून माहीत असणार? त्याला बादलीपलीकडे काय माहीत होतं? तिनं प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, डबे काढले, वाटीत हळद आणि मीठ कालवलं, आणि छाती, मांड्या, जिथे हात पोचेल तिथे कातडीखाली भरपूर चोळून, हात धुऊन, वाटी धुऊन, टीव्हीसमोर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा टिपणिसांनी पक्षी बाहेर काढला. भट्टी तापली होती. तक्त्यानुसार आता फक्त लोणी. पण त्यांच्याही डोळ्यांसमोर बायकोचे पिवळे हात आले. टर्की तिनं कधी पांढरी भट्टीत घातली नव्हती. पोरीला काय आठवणार, ती तेव्हा सांतासाठी मोजे कुठे टांगायचे या विवंचनेत असायची. टिपणिसांनी लोण्यात हळद-मीठ कालवलं आणि आत-बाहेर सढळ हातानं माखलं. पक्षी मुळातच पिवळसर दिसला त्यांना. पण मका खाल्लेल्या पक्ष्याची कातडी पिवळी असते असं बुचर म्हणाला होता, आणि कागदावर नसलेल्या गोष्टीबद्दल टिपणीस दुसऱ्याच्या शब्दावर सहज विश्वास ठेवत.

आता खरी गोष्ट अशी, की मृणालिनी नुसती हळद आणि आलं लावायची. मिठाच्या पाण्यातून निघालेल्या मांसाला पुन्हा मीठ लावण्याइतकी ती वेडी नव्हती. पण बापानं पाहिली हळद, लेकीनं पाहिली हळद, आणि मराठी माणसाच्या डोक्यात मांस-मासळीची हळद एकटी कधी येतच नाही. ती मिठाचं बोट धरूनच येते.

साडेतीन तासांनी टर्की बाहेर आली ती पाहत राहावी अशी. कातडी तांबूस सोनेरी, मांडीतलं तापमान शहात्तर, वास थेट जिन्यापर्यंत. टिपणिसांनी फोटो काढला. पाठवायचा कोणाला हे न सुचल्यानं विभावरीताईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: तळलेली दिसते.

तीन वाजता दोघं जेवायला बसली. बाहेर उजेड संपत आला होता, रस्त्यावर एकही गाडी नव्हती. टिपणिसांनी पहिला घास घेतला. समुद्रात पोहताना नाकातोंडात पाणी जावं तसं झालं. त्यांनी समोर पाहिलं. लेक शांतपणे चावत होती. तिनं पाण्याचा ग्लास उचलला, संपवला, पुन्हा भरला.

"ग्रँड आहे, बाबा," ती म्हणाली.

आयर्लंडमध्ये ग्रँड हा शब्द उत्तमपासून अंत्ययात्रेपर्यंत कशालाही चालतो. टिपणीस म्हणाले, छान मुरली आहे. त्यांनी दुसरा तुकडा घेतला; तिनंही घेतला. बटाटे संपले, गाजरं संपली. जिभा बधिर झाल्या होत्या आणि दोघांपैकी कोणीही सुरी खाली ठेवायला तयार नव्हतं. तिसऱ्या तुकड्यावर स्वरांगीनं काटा बाजूला ठेवला आणि कातडी उचलून पाहिली.

"तू वरून काय लावलंस?"

"लोणी." मग थोडं थांबून, "लोणी आणि हळद-मीठ."

तिनं डोळे मिटले. "मी काल आतून लावलंय."

मग तिला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं. मार्चनंतर त्या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्यानं हसत होतं. हसता हसता ती म्हणाली, "सांगायचं ना मला."

ती टर्कीबद्दलच बोलत होती. पण टिपणिसांचं हसू तिथेच थांबलं. नऊ महिने ते ज्याची तयारी करत होते ते वाक्य असं, तोंड खारट असताना, नॅपकिन गळ्यात असताना यावं अशी त्यांची योजना नव्हती.

"डॉक्टरांनी आठलाच सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुला बोलवून घ्या म्हणून. अचानक वगैरे काही झालं नाही. मी फोन नाही केला."

तिनं मान हलवली. मला माहितीये, असं म्हणायचीही तिनं तसदी घेतली नाही.

"सकाळी तुझी शाळा होती. बाहेर पाऊस होता. आकडे बरे दिसत होते, स्वरा. मला वाटलं, तुला सांगितलं की मग ते पक्कं झालं. नाही सांगितलं तोवर..."

तिनं पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"मी जागी होते, बाबा," ती म्हणाली. "दोन वाजेपर्यंत. टीव्हीवर केकची कसली तरी कॉम्पिटिशन बघत होते. आय वॉज जस्ट सिटिंग देअर."

ती उठली, ताटं उचलली, नळ सोडला, आणि पाठमोरी बराच वेळ भांडी घासत राहिली. ते फडका घेऊन शेजारी उभे राहिले आणि ती देईल ते पुसत राहिले. एक ट्रे तिनं दोनदा घासला. तो त्यांनी दोनदा पुसला.

सव्वीसला सकाळी उरलेल्या खारट मांसाचं काय करायचं हा प्रश्न होताच. स्वरांगीनं ईफाला कळवलं की अकराला नको, दोनला ये. मग बाप-लेकीनं मांस सोडवलं, गरम पाण्यातून तीनदा काढलं, आणि निम्म्या मांसात किलोभर बटाटे घालून बिनमिठाचा रस्सा केला. तरी तो खारटच झाला. चाखून ती म्हणाली, जरा खाता येतोय. त्यांनी तिला डबा भरून दिला. तिनं नको म्हटलं नाही, एवढंच.

ईफाची गाडी दारात आली. पाऊस बारीक पडत होता. बॅग ठेवून स्वरांगी पुढच्या सीटवर बसली तेव्हा टिपणीस खिडकीशी वाकले. मार्चमध्ये वर्षश्राद्ध आहे, म्हणाले. विभावरीताई तिथी बघून कळवणार आहेत. कळलं की फोन करतो.

"फोनची वाट नाही बघणार मी," स्वरांगी म्हणाली. "तारीख माझी मी बघेन. आदल्या रात्री येऊन बसेन."

तिनं पट्टा लावला. ईफानं, काय बोलणं चाललंय ते न कळल्यामुळे, दोघांकडे बघून हसून हात हलवला. गाडी गेली. टिपणीस फाटकाशी पावसात उभे राहिले, आणि मग उरलेल्या रश्श्याखालचा गॅस बंद करायचा राहिलाय हे आठवून आत गेले.